कपाटातल्या प्रवाळांचा पांढरा रंग

गेल्या कार्तिकात, मी जिथे ३१ वर्षे प्राणिशास्त्र शिकवले त्या महाविद्यालयातून फोन आला. सध्याची विभागप्रमुख माझीच जुनी विद्यार्थिनी. "मॅडम, नॅकची मूल्यांकन समिती यायची आहे. संग्रहालयाची खोली लावून घ्यायची आहे, पण प्रवाळांच्या कपाटाला हात लावायला आमच्यापैकी कोणी धजत नाही. प्राचार्य म्हणतात, सगळे कसे पांढरेशुभ्र दिसले पाहिजे," असे ती म्हणाली. मी दुसऱ्याच दिवशी गेले. त्या कपाटातल्या जवळजवळ प्रत्येक नमुन्याशी माझी ओळख होती आणि त्यातल्या एकाचे नुकसान माझ्याच हातून झालेले होते.

खोलीत पूर्वी जुने काचेचे सागवानी कपाट होते. त्याच्या जागी चार-पाच वर्षांपूर्वी प्लायवूडचे, सनमायका लावलेले, आत दिव्यांच्या पट्ट्या बसवलेले देखणे कपाट आले होते. फळ्यांवर वर्तमानपत्रे अंथरलेली होती आणि त्यांवर प्रवाळांचे सांगाडे ओळीने मांडलेले होते. दार उघडले आणि एक मंद, आंबूस वास आला. दोन दिवस झाकून राहिलेल्या पिठाला येतो, तशा जातीचा. पुढच्या ओळीतल्या तीन नमुन्यांवर पांढरी, पिठूळ साय धरली होती. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "बुरशी आली असणार मॅडम, यंदा पाऊस लांबला ना." मी बोटावर थोडी भुकटी घेऊन भिंगाखाली धरली. बुरशीचे धागे कुठेच नव्हते. होते ते बारीक, सुईसारखे, चमकणारे स्फटिक. समितीला जो पांढरा रंग दाखवायचा होता तो आमच्या कपाटात आपोआपच वाढू लागला होता, आणि तोच त्या सांगाड्यांना खात होता.

शंख-शिंपल्यांच्या संग्राहकांना हे दुखणे शंभराहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. लॉफ्टस बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून आजही त्याला 'बाइनचा रोग' म्हणतात. त्याची समजूत अशी होती की हे जिवाणूंचे काम असावे आणि एका नमुन्यावरून दुसऱ्याला त्याची लागण होत असावी. खरे कारण निराळे निघाले. १९८५ मध्ये टेनंट आणि बेअर्ड या दोघांनी त्या भुकटीची रासायनिक तपासणी करून दाखवले की ते कॅल्शियमचे ॲसिटेट आणि फॉर्मेट क्षार आहेत. लाकूड, प्लायवूड, त्यातला डिंक, पुठ्ठा, स्वस्त कागद यांच्यातून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लांची वाफ अगदी थोड्या प्रमाणात सतत बाहेर पडत असते. बंद कपाटात ती कोंडते, दमट हवेत नमुन्याच्या पृष्ठभागावर बसते आणि चुन्याचे क्षारात रूपांतर करत राहते. तो आंबूस वास त्या वाफेचाच होता. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस, घट्ट बसणारी काचेची दारे, नवे प्लायवूड आणि वर्तमानपत्र एकत्र आल्यावर आणखी काही व्हायची गरज उरली नव्हती. जुन्या सागवानी कपाटाची दारे सैल होती, त्यांतून वारा खेळायचा. त्या ढिलाईनेच इतकी वर्षे प्रवाळांना सांभाळले असावे, असे मला वाटते.

प्रवाळाचा सांगाडा हा शेवटी चुनाच आहे. कॅल्शियम कार्बोनेटचे ॲरागोनाइट हे रूप एवढाशा मऊ जीवाने समुद्राच्या पाण्यातून वेचून आपल्याखाली थरावर थर रचलेले असते. पोरायटीससारखे गोळ्याच्या आकाराचे प्रवाळ वर्षाकाठी साधारण एक सेंटिमीटर वाढते. ॲक्रोपोराच्या फांद्या त्याहून कितीतरी भरभर वाढतात. त्या हिशेबाने आमच्या कपाटातला नारळाएवढा पोरायटीस तयार व्हायला एखादे मूल जन्मून शाळेत रुळेपर्यंतचा काळ सहज लागला असणार. वरून पाहिले तर तो नुसता खरखरीत दगड वाटतो. भिंग लावले की त्याच्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या वाट्या दाटीवाटीने बसवलेल्या दिसतात, आणि प्रत्येक वाटीत कडेपासून मध्याकडे जाणारे नाजूक उभे पडदे असतात. एकेका वाटीत एकेक जीव राहत होता. वाटीचा आकार, पडद्यांची संख्या आणि मांडणी, त्यांच्या कडांवरचे दाते, मधला खुंट यांवरून जात ओळखायची असते. म्हणून प्रवाळ धुवायचे ते शोभेच्या आधी या वाट्या आणि पडदे दिसावेत यासाठी. मांस, शेवाळ, गाळ यांचे पुट निघाल्याशिवाय ते दिसत नाहीत. आणि धुण्यात चूक झाली तर पहिल्यांदा तेच जातात.

माझी चूक नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली. आमच्याकडे फंजियाचा एक सुंदर नमुना होता. हाताच्या पंजाएवढी, किंचित फुगीर थाळी. उलट्या धरलेल्या अळंबीच्या पोटाशी जशा पापुद्र्यांच्या ओळी असतात, तसे मध्यापासून कडेपर्यंत पसरलेले शेकडो पडदे. बाकीची बरीचशी प्रवाळे म्हणजे हजारो जीवांच्या चाळी. फंजिया मात्र एकट्या जीवाचे घर. लहानपणी तो देठावर चिकटलेला असतो, मग देठापासून सुटून तळावर मोकळा पडून राहतो. आमच्या नमुन्यावर पिवळट तपकिरी डाग पडले होते आणि विद्यापीठाची तपासणी तोंडावर आली होती. मी लहान असताना आई सणाच्या आदल्या दिवशी देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासायची आणि ती क्षणात उजळायची. मी रसायनशास्त्र शिकलेले होते, चुन्यावर आम्ल टाकले की काय होते हे वर्गात करूनही दाखवले होते, तरी "अगदी पातळ केले तर चालेल" असे मनाशी म्हणून मी हायड्रोक्लोरिक आम्लाच्या फिक्या द्रावणात तो नमुना बुडवला.

पाणी फसफसून वर आले. मी घाईने नमुना बाहेर काढला, नळाखाली धरला, आणि क्षणभर मला आनंदच झाला, कारण डाग गेले होते आणि थाळी ओल्या खडूसारखी पांढरी दिसत होती. ती वाळल्यावर मी भिंग लावले. पडद्यांच्या कडेचे दाते गेले होते. करवतीच्या पात्यासारखी जी बारीक, एकसारखी नक्षी होती, तिच्या जागी चोखून टाकलेल्या खडीसाखरेसारखी गुळगुळीत, बोथट कड उरली होती. डाग गेले कारण डाग ज्याच्यावर बसले होते तेच विरघळून गेले. त्या फंजियाची जात आता सांगाड्यावरून खात्रीने सांगता येत नाही. नोंदवहीत तिच्या नावापुढे मी तेव्हा लिहिलेले प्रश्नचिन्ह अजून आहे. पुढे प्रत्येक वर्षीच्या मुलांना मी तो नमुना हातात देत आले आणि तो असा कसा झाला हेही सांगत आले.

म्हणून या वेळी मामांना आधीच सांगितले की व्हिनेगर, लिंबू, चिंच, संडास धुवायचे ॲसिड, यातले काहीही या खोलीत आणायचे नाही. आणखी एक गोष्ट मी त्यांना दोनदा सांगितली, कारण भांडारात ॲसिडची आणि ब्लीचची बाटली एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी होती. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना जाळतो. अमोनिया असलेल्या कोणत्याही साफसफाईच्या द्रवाशीही ब्लीचची गाठ पडू द्यायची नाही.

प्रवाळासाठी योग्य तो हा ब्लीचच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातले द्रावण. ते अल्कधर्मी असल्याने चुन्याला धक्का लावत नाही. मांसाचे अवशेष, शेवाळ, सेंद्रिय डाग यांना मात्र ते पोखरून मोकळे करते. गावाकडे विहिरीत टाकायची टीसीएल पावडर सहज मिळते आणि पुष्कळांचा हात आधी तिच्याकडे जातो. तिच्यातही गुण तोच आहे, पण तिच्यातली न विरघळणारी चुनखडी वाट्यांच्या तळाशी गाळ होऊन बसते आणि मग ती काढणे हेच एक काम होऊन बसते. म्हणून पातळ द्रावणच बरे. बाटली मात्र ताजी हवी. उन्हात, उकाड्यात पडून राहिलेल्या ब्लीचची ताकद हळूहळू उतरत जाते. आमच्या भांडारातल्या बाटलीला वास होता, दम नव्हता. नवी आणवली. दारे-खिडक्या उघडल्या, रबरी हातमोजे आणि चष्मे चढवले, आणि धातूची घमेली बाजूला ठेवून प्लास्टिकच्या बादल्या घेतल्या.

बादलीच्या आधी कोरडे काम असते आणि ते घाईचे नसते. कॅमेऱ्याची काच साफ करायच्या रबरी फुग्याने वाऱ्याचा झोत देऊन आधी सुटी धूळ उडवायची, मग मऊ दातघासणीने पडद्यांच्या दिशेने, कधीही आडवे नाही, हलके फिरवायचे. सुई न लावलेली मोठी सिरिंज साध्या पाण्याने भरून एकेका वाटीत धार सोडायची. पाणी बशीत गोळा करायचे आणि बशी टाकून देण्याआधी पाहायची. या सवयीचा उपयोग पुढे झालाच. त्यानंतर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असे द्रावण करून नमुना पूर्ण बुडेल असा ठेवायचा. आमच्या नमुन्यांवर मांस उरलेले नव्हते, नुसती वर्षानुवर्षांची काजळी आणि हातांचा तेलकटपणा होता, म्हणून काही तास पुरले. मांस शिल्लक असलेल्या नमुन्याला याहून घट्ट द्रावण आणि एक-दोन दिवस द्यावे लागतात आणि द्रावण बदलावेही लागते. पोरायटीसच्या तुटलेल्या बाजूला एक हिरवट करडी रेघ होती. जिवंत असताना सांगाड्याच्या आत, अगदी अंधुक उजेडात वाढणाऱ्या शेवाळाची ती खूण. तिला घालवण्यासाठी आणखी वेळ लागला असता. मी ती राहू दिली.

ब्लीचपेक्षा ब्लीच काढून टाकणे जास्त चिकाटीचे. प्रवाळ म्हणजे छिद्रांचे गाव. आत गेलेले द्रावण आणि मीठ आतच राहिले तर वाळल्यावर ते पृष्ठभागावर फुलून येते आणि क्लोरीनचा वास महिनोन्महिने जात नाही. आम्ही पाणी रोज सकाळ-संध्याकाळ बदलत पाच दिवस नमुने बुडवून ठेवले. तिसऱ्या दिवशी पाण्यात थोडा हायपो टाकला. सोडियम थायोसल्फेटला आमच्या पिढीचे लोक हायपोच म्हणतात. जुन्या फोटोच्या काळोख्या खोलीत जो फिल्म पक्की करायला लागायचा, तोच क्लोरीनला निष्प्रभ करतो. महाविद्यालयाची विहीर जांभ्यात खोदलेली असल्याने तिच्या पाण्याची मला धास्ती होती. पाण्यात लोह असेल तर ब्लीचच्या संगतीत त्याचा गंज होतो आणि पांढऱ्यावर फिकट पिवळी झाक चढते. म्हणून शेवटची दोन पाणी ऊर्ध्वपातित वापरली. मग जाळीवर मांडून उन्हात ठेवले. हे काम कार्तिक-मार्गशीर्षातच करावे. श्रावणात धुतलेले प्रवाळ आत कधीच वाळत नाही.

बाइनच्या भुकटीने धरलेल्या तीन नमुन्यांना ब्लीच लावलाच नाही. ते क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून त्यांना फक्त ऊर्ध्वपातित पाण्याची बादली मिळाली. भुकटी गेली, तिने जेवढे खाल्ले होते तेवढे मात्र परत आले नाही, आणि फेविया नावाच्या एका प्रवाळाच्या वाट्यांच्या कडा आता कायमच्या पुसट आहेत.

आता त्या बशीबद्दल. मागच्या ओळीत पोसिलोपोराचा एक झुबका होता. बोटभर लांबीच्या, टोकाशी फुगीर, बारीक फोडांनी भरलेल्या फांद्यांची दाट मूठच. रंगाने तो सगळ्या कपाटात सर्वांत काळवंडलेला, म्हणून पहिल्यांदा बादलीत जायचा त्याचाच क्रम होता. त्याच्या बुंध्याशी 'मंडपम, १९६८' अशी शाईने लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती. त्या काळी महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्राच्या सहली रामेश्वर-मंडपमला आणि तिथून बोटीने कुरुसडाई बेटावर जायच्या, आणि येताना प्रत्येक विभागासाठी अशी गाठोडी यायची. सिरिंजची धार देताना एका फांदीच्या टोकाशी मला एक फुगवटा दिसला. दोन फांद्या वरून एकमेकींकडे वळून, ओंजळीसारख्या, जवळजवळ मिटल्या होत्या. मध्ये बारीक फटींची एक रांग तेवढी उघडी होती. त्या फटींतून पाण्याची धार आत गेली आणि बशीत नखाच्या तुकड्यासारखे काहीतरी पडले.

भिंगाखाली तो एका खेकड्याचा पाय निघाला. फुगवट्यात टॉर्चचा उजेड सोडला, तर आत मसुरीच्या दाण्याएवढे एक फिकट कवच फटीला टेकून बसलेले दिसले. हापालोकार्सिनस मार्सुपिअॅलिस, विल्यम स्टिम्पसन यांनी १८५९ मध्ये नाव दिलेला प्रवाळ-खेकडा. याची मादी लहान असतानाच फांदीच्या बेचक्यात येऊन बसते. तिच्या बसण्याने आणि ती श्वासासाठी जो पाण्याचा प्रवाह खेळता ठेवते त्याने फांद्यांची वाढ वळते, आणि प्रवाळ तिच्याभोवती हळूहळू एक पिंजरा बांधते. शेवटी तिला बाहेर पडता येत नाही. फटींमधून येणाऱ्या पाण्यातून ती अन्न गाळून घेते. तिच्याहून कितीतरी लहान असलेला नर मात्र मोकळा असतो. पिल्ले त्याच फटींतून समुद्रात जातात आणि ती तिथेच आयुष्य काढते. मी ३१ वर्षे त्या कपाटासमोर उभी राहून शिकवले होते, तो झुबका कित्येकदा हातात घेऊन "ही पोसिलोपोरा, फोडांवरून ओळखायची" असे सांगितले होते, आणि १९६८ पासून त्यात बसलेली ती मला एकदाही दिसली नव्हती.

मामांनी बराच वेळ भिंगातून पाहिले. मग ते म्हणाले, "मॅडम, हे बादलीत गेले असते तर?" गेले असते तर ब्लीचने ते पातळ कवच मऊ पडून गळाले असते आणि पाच दिवसांच्या पाण्याबरोबर गटारात गेले असते. फुगवटा राहिला असता, पांढराशुभ्र झाला असता, आणि कोणीतरी त्याला फांदीचा दोष समजले असते. मी त्या झुबक्याला फक्त वाऱ्याचा झोत आणि मऊ ब्रश लावला. तो अजून काळवंडलेलाच आहे.

त्यानंतर मी बाकीचे नमुने नव्या डोळ्यांनी पाहिले. पोरायटीसच्या माथ्यावर शाईच्या टाकाच्या जाडीची दोन गोल भोके आहेत. त्यांत पिसांच्या तुऱ्यासारखे गलफडे फुलवणारे कृमी राहत होते, आणि त्यांच्या चुन्याच्या नळ्या आतपर्यंत गेलेल्या आहेत. दुसऱ्या एका तुकड्याच्या पोटात लिथोफागा या शिंपल्याने स्वतःसाठी खणलेले बिळ आहे आणि शिंपला अजून आत आहे. चिमट्याने आणि दाताच्या डॉक्टरांच्या टोच्याने हे सगळे काढून नमुना 'स्वच्छ' करायची पद्धत आहे, आणि बैठकीच्या खोलीत मांडायच्या वस्तूला ती शोभतही असेल. पण शिकवायच्या कपाटातले प्रवाळ ही मोहल्ल्यासारखी भरलेली जागा होती, हे दिसायला ते भाडेकरू जागेवरच असायला हवेत, असे माझे ठाम मत झाले आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडने शेवटचा हात फिरवून दुधासारखा पांढरा रंग आणता येतो हेही मला ठाऊक आहे. विकत मिळणारे पेरॉक्साइड किंचित आम्लधर्मी असते, म्हणून ते थोडाच वेळ वापरायचे. मी ते वापरलेच नाही. वाट्या आणि पडदे दिसू लागले की काम झाले. त्यापुढचा पांढरा रंग फक्त डोळ्यांच्या हौसेचा असतो.

आणि तो रंग सध्या मला डोळ्यांसमोर नको होतो, याला आणखी एक कारण आहे. आपल्या भाषेत पांढरेशुभ्र आणि पांढरेफटक हे दोन वेगळे शब्द आहेत. धुतलेले धोतर पांढरेशुभ्र असते. भीतीने किंवा आजाराने उतरलेला चेहरा पांढराफटक पडतो. बादलीतल्या द्रव्याला आपण विरंजक म्हणतो, आणि समुद्र तापल्यावर प्रवाळांचे जे होते त्यालाही पाठ्यपुस्तकात विरंजनच म्हणतात, पण ते पांढरे पडणे दुसऱ्या प्रकारचे आहे. जिवंत प्रवाळाच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहते; प्रवाळाला बहुतेक अन्न तेच देते आणि बराचसा रंगही त्याचाच. एखाद्या ठिकाणच्या उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी जेमतेम एक अंशाने वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, की हे नाते तुटते आणि शैवाल बाहेर पडते. मांस पारदर्शक होते आणि खालचा सांगाडा त्यातून दिसू लागतो. त्या वेळी प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. पाणी लवकर निवले तर ते सावरते, नाही निवले तर मरते आणि त्या पांढऱ्यावर काही दिवसांतच शेवाळाचे पुट चढते. लक्षद्वीपमध्ये १९९८ मध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झाले, मग २०१० मध्ये, २०१६ मध्ये, आणि २०२४ मध्ये पुन्हा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभरातले चौथे मोठे विरंजन सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. दोन तापांमधले अंतर कमी होत चालले आहे आणि पोरायटीस वर्षाला एक सेंटिमीटरच वाढतो.

आपल्या किनाऱ्यावर असे काही नाहीच, अशी पुष्कळांची समजूत असते, कारण आपल्याकडचे प्रवाळ कपाटातल्यासारखे दिसत नाही. गढूळ पाण्यात, खडकाला चिकटून, मातकट, हिरवट तपकिरी पापुद्र्यासारखे ते असते. मालवणसह पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद कासिम आणि वाफर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये झाले. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारी आंग्रिया बँक आहे, तिच्या बुडालेल्या पठारावर तर प्रवाळांची वस्ती पसरलेली आहे. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा मुंबईतल्या माझ्या नातेवाइकांनी फोन करून विचारले होते, "हाजी अलीला प्रवाळ? खरंच?" पांढऱ्या फांद्यांचेच चित्र डोक्यात बसले की खडकावरचा मातकट, जिवंत पापुद्रा माणसाला दिसेनासा होतो. कपाट लावताना हे माझ्या मनात होते, म्हणून वरच्या फळीवर मालवणच्या जिवंत प्रवाळांची विद्यार्थ्यांनी पाण्याखाली काढलेली छायाचित्रे लावायला मी विभागप्रमुखांना सांगितले.

दोन नमुने मुद्दाम मधोमध ठेवले. ट्युबिपोरा म्हणजे एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या, गडद लाल बारीक बासऱ्यांची मोळी. आणि हेलिओपोरा, बाहेरून राखी पण तुटलेल्या कडेला निळे. हे रंग सांगाड्यातच मुरलेले आहेत. दोघेही खऱ्या दगडी प्रवाळांच्या कुळातले नाहीत, तोंडाभोवती आठ शुंडके, म्हणजे मऊ बोटांसारखे अवयव, असलेल्या मऊ प्रवाळांचे नातलग आहेत. यांना ब्लीचच्या जवळही नेले नाही. आणि मराठी घरांतून ज्याला पोवळे म्हणतात, जे मंगळासाठी अंगठीत बसवतात आणि ज्याची पिष्टी वैद्य देतात, ते लाल प्रवाळ भूमध्य समुद्रातले. तेही याच आठ शुंडकांच्या कुळातले. मुलींच्या गळ्यातल्या माळेतले पोवळे आणि कपाटातला पांढरा झुबका यांचे नाते काय, हा प्रश्न दरवर्षी वर्गात यायचा, त्यासाठी एक जुना मणी हेलिओपोराच्या शेजारी ठेवला आहे.

काम चालू असताना एका पालकांनी विचारले की अंदमानच्या सहलीत किनाऱ्यावर पडलेला तुकडा आणून असाच घरी धुता येईल का. आणू नये, आणि कायद्यानेही आणता येत नाही. २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मेलेला, वाहून आलेला तुकडा त्यातून सुटत नाही. आमचा संग्रह त्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि प्रत्येक नमुन्याची नोंद वहीत आहे, म्हणूनच ती वही नमुन्यांइतकीच जपावी लागते. ज्याला घरात आकार पाहायचा असेल त्याने राळेची प्रतिकृती घ्यावी.

शेवटच्या दिवशी आम्ही प्लायवूडचे कपाट रिकामे केले. ते आता पुस्तकांना दिले आहे. भांडारातले काच लावलेले जुने लोखंडी कपाट घासूनपुसून आणले, त्याच्या दारांखाली हवेसाठी बोटभर फट ठेवली, फळ्यांवर वर्तमानपत्राऐवजी काच टाकली आणि कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. प्राचार्य पाहायला आले. पोसिलोपोराच्या झुबक्यापाशी थांबून ते म्हणाले, "हा एक राहिला का बाई?" मी काही बोलायच्या आत मामांनी खिशातला टॉर्च काढला, भिंग त्यांच्या हातात दिले, आणि कोणत्या फांदीच्या टोकाशी, कोणत्या फटीतून, कसे वाकून पाहायचे ते त्यांना सांगू लागले. मी तोवर चिठ्ठ्या लिहीत होते. जुन्या चिठ्ठ्या काढायच्या नाहीत, त्यांच्या खाली नवी जोडायची, असे ठरवले होते. पोरायटीसच्या चिठ्ठीवर ब्लीचचे प्रमाण, तास आणि महिना लिहिला. फंजियाच्या चिठ्ठीवर, इतक्या वर्षांनी, 'आम्लाने झिजलेला' असे लिहून खाली माझी सही केली. पोसिलोपोराच्या चिठ्ठीवर 'मंडपम, १९६८' च्या खाली एवढेच लिहिले: आत खेकड्याची मादी आहे. धुऊ नये.